इंजिनांचे नंबर, विमानांच्या शेपट्या आणि बसऱ्याचा हवालदार

गुरुवार

ह्या वेळी मुंबईला जायचं ते फक्त छंदासाठी, लग्न नाही मुंज नाही ऑफिसचं काम नाही, हे घरी आधीच सांगून टाकलं होतं. परळला मावसभाऊ राहतो, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, रेल्वेचं वेड त्याला माझ्याआधीपासून आणि मलाही ते त्याच्याकडूनच लागलं. तो म्हणाला जानेवारीत ये, ऊन दिवसभर तिरकं असतं, हवा कोरडी, कॅमेरा बॅगेतून काढला की काचेवर वाफ धरत नाही. म्हणून जानेवारी.

पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. गाड्या बऱ्याच आहेत पण ही १ जून १९३० पासून धावतेय, तेव्हा जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची होती, सात-सात डब्यांचे दोन रेक, एक चंदेरी आणि दुसरा गडद निळा सोनेरी रेघांचा. आता जून २०२२ पासून एलएचबी म्हणजे नव्या, जर्मन बनावटीच्या धर्तीचे डबे आहेत, रंगही नवा, पण डायनिंग कार ठेवली हे रेल्वेने फार चांगलं केलं. तिथे बसून चीज टोस्ट आणि चहा घेतला आणि लोणावळा सुटल्यावर दारापाशी न जाता खिडकीतूनच घाट बघत बसलो. कर्जतपर्यंत १:३७ चा उतार आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर खाली आलेली असते, रेल्वेच्या हिशेबात हे फारच जास्त. म्हणून घाटात मधेमधे कॅच सायडिंग आहेत, एखादी गाडी ब्रेक न लागता सुटलीच तर तिला उलट चढावर वळवून थांबवायचे फाटे. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग, पळसदरी ही नावं ज्याला पाठ नाहीत त्याने हा प्रवास एकदा जागं राहून करावा असं मला मनापासून वाटतं. समोरून वर चढणारी मालगाडी गेली, मागे बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लावलेली, मी नंबर वहीत उतरवून घेतले.

वहीचं सांगतो. प्रत्येक फोटोमागे इंजिनाचा नंबर, शेड, ठिकाण, तारीख, वेळ, हे त्याच दिवशी लिहायचं असा दादाचा नियम आहे. इंजिनाच्या अंगावर पाच आकडी नंबर असतो आणि कुठल्या शेडचं, म्हणजे त्याची देखभाल कुठे होते, ते लिहिलेलं असतं, कल्याण, अजनी, भुसावळ, तेवढं टिपलं की त्या एका यंत्राची ओळख पक्की होते. नुसता छान उजेडातला फोटो म्हणजे अर्धंच काम.

सीएसएमटीला उतरलो तर दादा प्लॅटफॉर्मवरच उभा. स्टेशनच्या इमारतीबद्दल मी काय नवीन लिहिणार, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली, १८७८ ला काम सुरू, १८८८ ला पूर्ण, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. आम्ही सरळ १८ नंबरच्या बाजूला हेरिटेज गल्लीत गेलो कारण तिथे खेकडा आहे. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, जीआयपीचं १९२० च्या दशकाच्या शेवटी आलेलं मालगाडीचं विजेचं इंजिन. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब बुटकी बॉनेट, आणि चाकांना जोडणारे दांडे अगदी वाफेच्या इंजिनासारखे, त्यामुळे चालताना खरंच खेकडा पाय हलवतोय असं दिसायचं. असली ४१ इंजिनं होती आणि त्यांनी भोर आणि थळ घाटात मालगाड्या ओढल्या. त्यांतल्या एकाला सर लेस्ली विल्सन हे नाव दिलेलं होतं, म्हणजे तेच गव्हर्नर ज्यांच्या हस्ते ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी ह्याच स्टेशनातून कुर्ल्याला सुटली. मी ३५ एमएमने दांड्यांचे फोटो काढले, खाली वाकून, चाकाच्या मधोमध, तिथे ओतीव लोखंडावर उठलेली अक्षरं आहेत ती साइडच्या उजेडात फार सुंदर येतात.

ती १९२५ ची वीज १५०० व्होल्ट डीसी होती आणि मुंबईत ती पार एप्रिल २०१६ पर्यंत टिकली, हार्बर लाइनवर सगळ्यात शेवटी. बाकी देशभर २५ हजार व्होल्ट एसी. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट जास्त, करंट जास्त म्हणजे तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ, गर्दी वाढली तशी डीसी पुरेनाशी झाली. पण ह्या दोन विजांमुळेच मुंबईला स्वतःची अशी इंजिनं मिळाली होती, डब्ल्यूसीएएम, दोन्ही विजांवर चालणारी. बीएचईएलने बनवलेली डब्ल्यूसीएएम-३ एकूण ५३ होती. माझ्या लहानपणी पुण्याच्या गाड्यांना तीच असायची. आता जिकडेतिकडे डब्ल्यूएपी-७, सहा हजारांवर हॉर्सपॉवरचं, तेही चांगलंच इंजिन आहे पण ते सगळ्या देशात दिसतं. डीसी बंद व्हायच्या आधी दादाने कल्याणच्या इंजिनांचे नंबरवार फोटो काढून ठेवलेत, एकूण एक वहीत नोंदलेले, आणि मी तर म्हणतो की उद्या कुणी मुंबईच्या रेल्वेचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला असल्या वह्याच लागतील.

संध्याकाळी दादरच्या पुलावर. आधी आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसाला काय करतोय ते सांगितलं, ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही, पिवळ्या रेघेच्या आत. हे सगळ्यांनीच पाळावं, एकाने मूर्खपणा केला की सगळ्यांचे कॅमेरे बंद होतात. दादर हे नोंदी का ठेवायच्या ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे बघा, ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले प्लॅटफॉर्म नंबर बदलले, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे झाले. म्हणजे जुन्या फोटोमागे नुसतं 'दादर, ४ नंबर' लिहिलेलं असेल तर तारखेशिवाय त्याचा अर्थच लागत नाही. तसंच एल्फिन्स्टन रोडचं २०१८ ला प्रभादेवी झालं आणि कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरात पाडला, त्या पुलावरून काढलेले फोटो आता पुन्हा कुणालाच मिळणार नाहीत, नवा पूल झाला तरी तो अँगल वेगळा.

शुक्रवार

शुक्रवार म्हणजे चोरबाजार. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावरच पथाऱ्या लागतात, जुम्याचा बाजार. उजाडायच्या आधी टॅक्सीने पोचलो, हातात टॉर्च. तिथे बॅग पुढे घ्यायची, पैसे वेगवेगळ्या खिशांत ठेवायचे, आणि आवडलेल्या वस्तूकडे पहिल्यांदा बघायचंच नाही, शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. दादा यात इतका तयार आहे की मी नुसता मागे उभा राहतो.

आधी लेन्स. एका पथारीवर मोबाइलचे चार्जर, पितळी नळ, सायकलचे पॅडल आणि त्यात दोन-तीन लेन्स पडलेल्या. एक सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४, काच चहासारखी पिवळी. ज्यांना माहीत नाही ते खराब समजून ठेवून देतात पण ह्या लेन्सच्या एका काचेत थोरियम असतं, किरणोत्सारी, त्यानेच वर्षानुवर्षांत काच पिवळी पडते आणि बरेच दिवस उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा पुष्कळ उतरतो. पण टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, म्हणजे बुरशी, आणि ती कोटिंग खाऊन गेलेली, पुसली तरी डाग राहणार. ठेवून दिली. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवली की हेच होतं, कातडी केसमध्ये तर अजून लवकर. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आतली आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास, एवढं केलं तरी आजोबांचा कॅमेरा नातवापर्यंत पोचतो. माझ्या ओळखीत कितीतरी घरांत आगफा क्लिक थ्री पडून आहेत, बडोद्याला बनायचे ते, अजून चालू शकतील असे.

दुसरी लेन्स होती हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२. सोव्हिएत माल, झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची, मूळ डिझाइन जर्मनीच्या झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सचं. टॉर्च मारला, काच स्वच्छ, अ‍ॅपर्चरची आठही पाती कोरडी, फक्त फोकसची रिंग जाम झालेली. आणि नंबर. सोव्हिएत लेन्सच्या सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं साल असतात, हिचे ७७. आणि पुढे छोटा लोगो असतो, प्रिझममधून किरण जातोय असा असेल तर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली, ही तीच. तर १९७७ ला क्रास्नोगोर्स्कला घासलेली काच ह्या रस्त्यावर नळांच्या शेजारी. दादाने सायकलच्या पॅडलचा भाव विचारला, मग नळाचा, मग "और ये काच का क्या" असं करत करत चौदाशेला घेतली. एम४२ चा, म्हणजे कॅमेऱ्यावर फिरवून बसवायचा आटा आहे म्हणजे मिररलेसवर साध्या अ‍ॅडॉप्टरने बसते. निकॉनच्या एसएलआरवर मात्र बसवली तर लांबचं फोकस होत नाही कारण एम४२ ला सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ एमएम लागतं आणि निकॉनचं ४६.५, जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पण त्यात अनंत हरवतं, हे नवीन लोकांनी घेण्याआधी लक्षात ठेवा.

मग तो ट्रे दिसला. जुने फोटो, लग्नाचे, पारशी कुटुंबांचे, शाळेच्या ग्रुपचे, आणि खाली काही फौजी. फौजी पोर्ट्रेटना आता भाव आलाय त्यामुळे नकलाही येतात, जुन्या फोटोचा प्रिंट काढून चहाच्या पाण्यात बुडवून विकतात. भिंग लावून बघायचं, प्रिंटरचा असेल तर ठिपके दिसतात, खऱ्या सिल्व्हर प्रिंटमध्ये ठिपके नसतात, सावली सलग विरत जाते आणि जुन्या प्रिंटच्या काळ्या भागावर कडेला चांदीची चकाकी आलेली असते. ह्या ढिगात एकच खरा होता. पोस्टकार्डाच्या आकाराचा, मागे उभी रेघ, एका बाजूला मजकूर आणि एका बाजूला पत्ता अशी. असली विभागलेली कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ ला सुरू झाली आणि मग बाकीच्या देशांत, त्यामुळे फोटो त्यानंतरचा हे नक्की. समोर एक जवान, उभा, फेटा, खाकी, बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार, मागे रंगवलेला पडदा, खांब आणि झाडं. चेहरा आमच्या सातारच्या बाजूचा वाटला, नाकीडोळी नीटस, वय फार तर तिशीचं. मागे शिसपेन्सिलीने मोडीत दोन ओळी, नाव कुठे दिसेना. तो मी घेतला, भाव नीट केलाच नाही.

दुपारी फोर्टात बोरा बझारला, कॅमेऱ्यांची गल्ली. एका जुन्या कारागिराकडे हेलिओस दिली, त्याने माझ्यासमोरच हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी काच पुढेमागे करणारा आट्यांचा भाग, उघडलं, सुकलेलं ग्रीस पेट्रोलने काढलं, नवीन भरलं, आटा जिथून सुटला तिथे सुईने खूण करून ठेवली कारण हेलिकॉइडला सुरुवातीचे बरेच आटे असतात, चुकीच्या आट्यात बसवलं की फोकसचा हिशेब बिघडतो. त्याच्या हाताचे फोटो काढले, त्याने परवानगी दिली, त्याच लेन्सने काढले.

जवळच म्युझियमपर्यंत चालत गेलो, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत बांधून झाल्यावर पहिल्या महायुद्धात तिचा मिलिटरी हॉस्पिटल म्हणून वापर झाला, म्युझियम म्हणून ती १९२२ ला उघडली. खिशात तो फोटो असताना तिथे उभं राहिलं तर वेगळंच वाटतं, मेसोपोटेमियाला म्हणजे आजच्या इराकला जाणारी फौज ह्याच मुंबईच्या बंदरातून बोटीत बसली होती.

रात्री दादाकडे जेवण झाल्यावर फोटो मॅक्रो लेन्सने काढला, लाइट ४५ अंशातून दोन्ही बाजूंनी, आणि लॅपटॉपवर मोठा केला. वहिनी पण येऊन बसल्या. टोपीच्या जागी फेटा असल्याने बॅज नाही, पण खांद्यावर पितळी आकडे, पहिला १, दुसरा १, तिसरा ०. वहिनीच आधी म्हणाल्या, "भाऊजी, एकशेदहा आहे हो ते." खालची अक्षरं पुसट पण एम आणि एल वाचता आलं. ११० मराठा लाइट इन्फंट्री. आम्ही तिघंही थोडा वेळ ओरडतच होतो.

शनिवार

सकाळी विमानं. दादाच्या मित्राची बिल्डिंग कुर्ल्याच्या बाजूला आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून ठेवलं होतं, गच्चीची चावी मिळाली. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना मधे छेदतात, ०९/२७ आणि १४/३२, म्हणून दोन असूनही एका वेळी एकच वापरता येतो. आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा भागिले दहा, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. जास्त करून विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर उतरतात, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्यावरून, चाकं काढलेली, इतकी खाली की पोटावरचे रिव्हेट दिसतात. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो म्हणून रनवेच्या रेषेच्या दक्षिणेला उभं राहायचं, उजेड तुमच्या पाठीमागून विमानाच्या अंगावर. साडेआठ ते दहा एवढीच वेळ खरी, नंतर खालचे पत्रे तापतात आणि हवा थरथरायला लागते, मग ४०० एमएमला कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊच येतो.

जेटला शटर १/१००० च्या वर, पण एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं विमान आलं की पटकन १/२०० ला यायचं नाहीतर पंखा थांबलेला दिसतो आणि विमान हवेत लटकल्यासारखं. दोन-तीन मिनिटांनी एक विमान, इंडिगोची तर रांगच, मधेच एअर इंडियाचं ए३५०, तेव्हा दादाने मोबाइल सोडून दिला आणि नुसतं बघत राहिला. प्रत्येकाचं रजिस्ट्रेशन मी वहीत लिहीत होतो, व्हीटी ही भारताची खूण आणि पुढची तीन अक्षरं. फ्लाइट नंबर रोज तोच असतो, तो फोटोमागे लिहून उपयोग नाही, विमान कुठलं ते रजिस्ट्रेशनवरूनच कळतं. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं ७४७ मुंबईहून शेवटचं उडालं, व्हीटी-ईव्हीए, टेकऑफनंतर पंख हलवून गेलं, तो फोटो दादाकडे आहे आणि मागे तीच पाच अक्षरं लिहिलीत. आणि जुन्यातलं जुनं बघा, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले, ते पस मॉथ विमान व्हीटी-एडीएन होतं, हे आज आपण सांगू शकतो ते केवळ कुणीतरी ते नीट नोंदवून ठेवलं म्हणून.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालाय, आता तिकडची गच्ची शोधायची असा दादाचा पुढचा प्लॅन.

दुपारी वरळीला नेहरू सायन्स सेंटर, बाहेरच्या बागेत एचएफ-२४ मरुत उभं आहे. मुलं खाली डबे खात बसलेली असतात आणि वर उभं असतं भारतात बनलेलं पहिलं लढाऊ जेट. डिझाइन कुर्ट टँकचं, तोच माणूस ज्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान केलं, तो नंतर बेंगळुरूला एचएएल ह्या सरकारी विमान कारखान्यात आला. पहिलं उड्डाण १७ जून १९६१. एकूण १४७ बनली. डिझाइनला जसं ताकदवान इंजिन हवं होतं तसं कधीच मिळालं नाही, दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं आणि विमान आवाजाच्या वेगाच्या अलीकडेच राहिलं, नाहीतर त्याचं अंग बघा ना, केवढं सडपातळ आहे. १९७१ ला लोंगेवालाच्या बाजूला मरुतनी चांगलं काम केलं. हेलिओसने पंखाच्या बुडाशी पानांचा फोटो काढला, मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, ही ह्या लेन्सची खासियत, कुणाला आवडते कुणाला नाही, मला फार आवडते पण विमानाच्या नोंदीसाठी नाही, नोंदीसाठी साधी धारदार लेन्सच हवी.

रविवार

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, लोकलचा भरवसा नाही म्हणून परळहून लालबागला चालतच गेलो. तिथे एका चाळीत दादाच्या ओळखीचे काका राहतात, गिरणीत होते, मूळचे सातारा जिल्ह्यातले, मोडी वाचतात आणि त्यांच्या घरी आजोबांचा फौजी फोटो आहे एवढंच मला माहीत होतं.

काकांनी आधी चहा, मग चष्मा पुसला, मग माझं कार्ड खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत होते. पहिल्या ओळीत 'बसरे मुक्कामी' आहे म्हणाले, आणि दुसऱ्या ओळीत 'मातोश्रींस' स्पष्ट आहे, पुढे दाखवणे की पाठवणे असं काहीतरी. नाव नाही. आईला पाठवलेल्या फोटोवर कोण स्वतःचं नाव लिहील, काकू आतून म्हणाल्या, आणि ते मला इतकं पटलं की मी काही बोललोच नाही.

मग मी त्यांना ११० बद्दल सांगितलं. ही पलटण सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती, १९१४ च्या शेवटी बसऱ्याला उतरली, पुढे तैग्रिस नदीच्या काठाने वर गेली आणि कुत ह्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली कित्येक हजार परत आलीच नाहीत. ह्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक आहे, ४० हजारांहून जास्त माणसांचं. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरली. आपल्या फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी रेजिमेंटच्या नावाखाली फक्त आकडा, आणखी इतके. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ ला ही असमान वागणूक मान्य केली आणि माफी मागितली. मी दिवसभर विमानाची अक्षरं न अक्षरं लिहितो, कल्याण शेडचं प्रत्येक इंजिन नंबराने ओळखतो, आणि ह्या माणसाचं नाव दगडावरही नाही आणि कार्डावरही नाही, हे मला सहनच होत नाही. माझा हवालदार कुतला होता का, परत आला का, हे फोटो बघून ठरवायचं नाही, गोष्टी रचून फोटोला चिकटवणारे संग्राहक मला पटत नाहीत. पण ११० आहे, हुद्दा आहे, बसरा आहे, आणि एवढ्यावर शोधायला सुरुवात करता येते.

काका ऐकत होते, मग उठून भिंतीवरचा फोटो काढून आणला. त्यांचे आजोबा, दुसऱ्या महायुद्धातले. १९२२ ला फौजेची फेररचना झाली तेव्हा ११० ची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली होती, आणि काकांचे आजोबा त्याच तिसऱ्या बटालियनमध्ये, इटलीला. म्हणजे नाईक यशवंत घाडगे यांची बटालियन, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला वरच्या तैबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काकांना हे सगळं माहीत होतंच. ११० म्हणजे तीच पलटण हे मात्र त्यांना माहीत नव्हतं, ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी टेबलावर ठेवून बघत बसले. स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या बटालियनची १९५२ ला २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, ते त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या चुलतभावाचा मुलगा फौजेत आहे.

फोटो फ्रेममध्ये होता आणि काच एका कोपऱ्यात चिकटलेली. असं असलं की ओढायचं नाही, इमल्शन काचेवर राहतं आणि चेहरा जातो. काचेवरूनच काढला, पोलरायझर लावून, खोलीतला दिवा बंद, खिडकीचा उजेड बाजूने, समोर काळी चादर धरली दादाने म्हणजे काचेत आमची प्रतिबिंबं नकोत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, बऱ्याच एक्स्पोजरने. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी काकांना पूर्ण नाव, गाव, पलटण, साल लिहायला लावलं, २बी शिसपेन्सिलीने, बॉलपेनने नाही कारण बॉलपेन दाबानेही उमटतं आणि शाई पुढे उतरते. त्यांनी सावकाश लिहिलं, मोडीत आणि खाली बाळबोधीत, दोन्हीत.

मेडलं बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाची मेडलं नावाशिवाय दिली पण भारतात दिलेल्यांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, गोल मेडलच्या कडेला आणि ताऱ्याच्या आकाराच्या मेडलच्या पाठीवर, हे सांगितल्यावर काका म्हणाले त्यांनी कधी उलटं करून बघितलंच नाही. पुढच्या महिन्यात लॉकर उघडायचा ठरलाय, मी मॅक्रो लेन्स आणि छोटा साइड लाइट घेऊन येतोय, आणि दादा तोपर्यंत बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरला ११० बद्दल पत्र लिहितोय, फोटोच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडून.